दिवाळीची गोधडी, शिमग्याचं सोंग



दिवाळीत तुमच्या घरी काय काय तयार होतं, असं कुणालाही विचारलं तर चकली, करंजी, कंदील, रांगोळी ही यादी ठरलेली असते. आमच्या मोखाड्यात, ज्या घरात शिलाई मशीन आहे त्या घरी, या यादीत गोधडीची भर पडते. भाजणी दळायला टाकण्याच्या आधी आमच्या ओटीवर जुन्या लुगड्यांची गाठोडी येऊन पडलेली असतात.

मोखाडा तालुका पूर्वी ठाणे जिल्ह्यात होता, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. जिल्ह्याला समुद्र आहे, पण आम्ही त्याच्या पार पूर्वेच्या टोकाला, डोंगरात. जव्हारहून त्र्यंबक-नाशिककडे जाणारा रस्ता आमच्या गावातून जातो आणि हवाही आमची त्या घाटमाथ्याचीच. पाऊस ओसरतो, उतारावरची नागली, वरई आणि खाचरातलं भात कापणीला येतं, आणि पहाटे अंगावर काटा उभा राहायला लागतो. दिवाळी येते ती नेमकी याच दिवसांत.

शिवणाचं काम तेव्हा दोन तऱ्हेचं असतं. पहिलं नव्या कपड्यांचं. तयार कपडे हल्ली आठवडे बाजारात ढिगानं मिळतात, त्यामुळे हे काम कमी झालंय. तरी एका थानातून सगळ्या भावंडांचे कपडे बेतण्याची हौस अजून काही घरांत आहे. थोरल्याचा सदरा, मधलीचा परकर, धाकटीचं झबलं, सगळ्यांवर एकच फूल. फोटोत छान दिसतं आणि जत्रेत मूल हरवलं तर सापडायलाही बरं! परकराला आतून चार बोटं मुडप ठेवायची आणि वर्षानं ती उसवून पुन्हा टीप मारायची. म्हणजे एका कापडात दोन दिवाळ्या निघतात. शिवणाच्या वर्गात हे शिकवत असतील किंवा नसतील, मला ते सासूबाईंनी शिकवलं.

दुसरं काम गोधडीचं. त्याबद्दल मात्र जरा सविस्तर सांगते.

नऊवारी लुगडं साधारण आठ मीटरचं. त्याच्या लांबीत चार घड्या घातल्या की एका माणसाच्या उंचीची चार पदरी गोधडी होते. म्हणून तर काही ठिकाणी तिला चौघडी म्हणतात. सहावारी साडेपाच मीटरची, तिच्या तीनच घड्या होतात. अंथरुणावर नवरा-बायको आणि दोन पोरं असतील तर दोन पन्हे कडेला कडा लावून जोडायचे. आत भर घालायची ती फाटक्या सदऱ्यांची, जुन्या गणवेशांची, विरलेल्या टॉवेलची. कापड सारवलेल्या जमिनीवर ताणून पसरायचं आणि चार कोपऱ्यांवर वजन ठेवायचं. आमच्याकडे एका कोपऱ्यावर वरवंटा, एकावर पाण्यानं भरलेला तांब्या आणि उरलेल्या दोहोंवर घरातली दोन खोडकर मुलं बसवलेली असतात. मग चार बाजूंनी चौघी बसतात. सासूबाई, जाऊबाई, मी आणि दिवाळीला माहेरी आलेल्या वन्सं.

धावदोरा कडेनं सुरू करायचा आणि फिरत फिरत मध्यावर यायचं. टाका तांदळाच्या दाण्याएवढा. त्याहून मोठा पडला की सासूबाई काही बोलत नाहीत, नुसत्या तिथं बोट ठेवतात. त्यांची नजर आता कमी झालीय, बोटांची नाही. मुलांचं काम सुया ओवण्याचं. सकाळीच वीस सुया ओवून उशीला टोचून ठेवायच्या, म्हणजे हात थांबत नाहीत. मध्यावर शेवटचं वीतभर राहिलं की सासूबाई चिमूटभर तांदूळ आत घालतात आणि मगच शिवून घेतात. पांघरूण उपाशी असू नये, असं त्यांचं म्हणणं. कुणाच्या घरी भाकरीचा तुकडा घालतात.

मशीनचा उपयोग इथं थोडाच. सहा-सात पदर घरगुती मशीनच्या पायाखालून सरकत नाहीत, सुई अडते आणि मोडते. जाड, अठरा नंबरची सुई लावून फक्त कडेची पट्टी मारायची, मधलं सगळं हातानं.

आता कुणी म्हणेल, बाजारात दोन-चारशे रुपयांत चादर मिळते, ब्लँकेट मिळतं, मग हा खटाटोप दिवाळीच्याच दिवसांत कशाला? त्याचं कारण आमच्या भागातल्या लोकांना सांगावं लागत नाही. बाहेरच्या श्रोत्यांना सांगते.

आमच्याकडे दिवाळीची सुरुवात वाघबारशीनं होते. देशावर त्या दिवशी गाय-वासराची पूजा, आमच्याकडे वाघोबाची. नंतरच्या दिवसांत पाड्यांवर उकडलेले करांदे, चवळी, काकडी किसून घातलेले गोड पदार्थ. रात्री तारपा घुमतो. पीक घरात आलेलं असतं, माणसं खुशीत असतात. पण कोरडवाहू जमिनीचं ते पीक वर्षभर पुरत नाही. त्यामुळे दिवाळी झाली की पाड्यावरची वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी कुटुंबं कामाला बाहेर पडतात. कुणी भिवंडीकडे, कुणी वसई, कल्याणकडे, वीटभट्टीवर, रेतीवर, बांधकामावर. शेठची उचल बहुधा आधीच घेतलेली असते, सणही त्यातूनच झालेला असतो. एक दिवस ट्रक येतो. त्यात तांदळाची गोणी, भांडी, कोंबड्या, पोरं आणि गोधड्या चढतात.

भट्टीवर राहायला असतो भोंगा. कच्च्या विटा रचून उभ्या केलेल्या भिंती आणि वर गवत नाहीतर प्लास्टिकचा कागद. विटा पाडायचं काम अनेक ठिकाणी मध्यरात्रीनंतर सुरू होतं. आई-बाप दोघंही उठून चिखलात उतरतात आणि भोंग्यात पोरं एकटी झोपलेली असतात. डिसेंबर-जानेवारीच्या त्या थंडीत पहाटेपर्यंत त्यांच्या अंगावर आई नसते, गोधडी असते. त्यामुळे टाका तांदळाएवढा का हवा, हा प्रश्न आम्हाला कधी पडत नाही. मोठा टाका पोराच्या पायाच्या अंगठ्यात अडकतो, दोरा तुटतो, आणि आतला चुरा एका कोपऱ्यात गोळा होऊन बसतो.

यावरूनच आमच्या ओटीवर दरवर्षी वाद होतो, तो नायलॉनच्या साड्यांचा. सुती लुगडी आता फारशी नेसत नाहीत. गाठोड्यात येतात त्या झुळझुळीत, झगझगीत साड्या. दिसायला सुंदर, विरत नाहीत, लवकर वाळतात. बायकांना वाटतं, वरचा पदर याच साडीचा असावा. मी तेवढं ऐकत नाही. भोंग्यात चूल अंथरुणापासून हातभर असते. सुती कापडावर ठिणगी पडली तर ते धुमसतं, वास येतो, माणूस जागं होतं. नायलॉन वितळतं आणि कातडीला चिकटतं. म्हणून वर आणि खाली सुतीच, मग ते कितीही विटकं असो. नायलॉनची साडी पोटात घालायची, तिथं ती ऊब धरते. ज्यांच्याकडे सुती काहीच नसतं त्यांच्यासाठी मी वर्षभर जुनी धोतरं, पंचे, पलंगपोस जमवून ठेवते. माझं कपाट उघडलं तर तुम्हाला वाटेल भांडीवालीचं दुकान आहे!

गेल्या काही वर्षांत या शिवणकामात एक फरक पडलाय. पूर्वी अख्खं कुटुंब निघायचं आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गातले बाक रिकामे व्हायचे. विधायक संसद या संस्थेनं १९९०च्या दशकात भट्ट्यांवरच मुलांसाठी भोंगाशाळा चालवल्या. पुढे सरकारनं हंगामी वसतिगृहांची योजना आणली, आश्रमशाळा आहेतच. त्यामुळे काही आई-बाप शिकतं मूल मागे ठेवून जातात, आजीजवळ नाहीतर वसतिगृहात. मग गोधड्या दोन लागतात. एक ट्रकमध्ये जाणारी, एक मागे राहणारी. एकाच आईच्या लुगड्याचे दोन तुकडे करायचे आणि दोन्हींत घालायचे, असा आग्रह धरणाऱ्या बायका मी पाहिल्यात. मी तो तुकडा मुलाच्या गोधडीत उशाच्या बाजूला लावते. त्याबद्दल कुणी कधी काही सांगितलेलं नाही, पण विचारावंही लागलेलं नाही.

जुन्या कापडाचं पांघरूण करणं ही काही आमचीच मिरास नाही. बंगालात कांथा आहे, बिहारात सुजनी, कर्नाटकात कौदी. गीता खंडेलवाल यांनी तर महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर इंग्रजीत एक सबंध पुस्तक केलंय. अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचं नदीकाठचं गाव आहे. एके काळी कापसाच्या मळ्यावर गुलाम म्हणून आणलेल्या लोकांची वस्ती. तिथल्या बायका नवऱ्यांच्या झिजलेल्या कामाच्या विजारी फाडून गोधड्या शिवायच्या, कारण घरं थंड आणि पांघरुणं विकत घ्यायला पैसे नाहीत. त्या गोधड्या २००२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात चित्रांसारख्या भिंतीवर टांगल्या गेल्या आणि २००६ मध्ये त्यांची टपाल तिकिटं निघाली. मी त्यांचे फोटो पाहिलेत. आमच्या वन्सं म्हणाल्या, ‘वैनी, हिचा टाका आपल्यापेक्षा मोठाय.’ वन्संना कलेचं काही नाही, पण टाक्याचं त्यांना दिसलं.

मुंबईचे पाहुणेही येतात. जव्हारचा राजवाडा पाहायला आलेली माणसं कधीमधी इकडे वाट वाकडी करतात आणि वाळत घातलेली गोधडी बघून किंमत विचारतात. विकायला माझी ना नाही. वारली चित्रं विकली जातात तशी गोधडीही विकली जावी, शिवणारीला दोन पैसे मिळावेत. पण दिवाळीच्या आधी मी विक्रीचं काम घेत नाही. तेव्हा प्रत्येक हात निघणाऱ्यांसाठी लागतो. पाहुण्यांना सांगते, पावसाळ्यात या.

मधले महिने मशीन तसं रिकामंच. संक्रांतीला एखाद्या तान्ह्याच्या बोरन्हाणासाठी काळं झबलं, शाळेचे उसवलेले गणवेश, संपलं.

मग येते होळी. भट्ट्यांवरून माणसं शिमग्याला घरी येतात. काही पुन्हा जातात, काही पावसापर्यंत इथंच राहतात. त्यांच्याबरोबर गोधड्या परत येतात, आणि गोधडी उलगडली की त्या घराचा हंगाम कसा गेला ते कळतं. कोळशाची काजळी, तांबडी धूळ, कडेला ठिणगीची भोकं. एका जागी औषधाचा डाग असला तर मूल आजारी होतं. ठिगळावर ठिगळ लावायचं, जुनं काढायचं नाही. काही गोधड्या अशा चारचार वर्षं जाड होत राहतात.

त्याच दिवसांत दुसरं शिवण सुरू होतं, बोहाड्याचं. मोखाड्याचा जगदंबेचा बोहाडा तुम्ही ऐकून असाल. होळीनंतर आमच्याकडे गावोगाव बोहाडे होतात. रात्रभर मशालींच्या उजेडात एकामागून एक सोंगं नाचत येतात, सांबळ आणि सनई वाजत असते. गणपती, सरस्वती, नरसिंह, रावण, मारुती आणि अखेर जगदंबा आणि महिषासुर. ज्या त्या सोंगाचा मान ज्या त्या घराण्याचा. बापाकडून मुलाकडे येतो. मुखवटे पूर्वी लाकडाचे असत, आता बरेच कागदाच्या लगद्याचे असतात. ते घडवणारे कसबी हात आमच्याच भागात आहेत, रामखिंडीचं नाव त्यासाठी घेतात. त्या मुखवट्यांचं सगळे कौतुक करतात, ते योग्यच आहे. पण मुखवट्याच्या खाली काय असतं ते शिवणारीला विचारा.

मुखवटा जड असतो आणि तो चेहऱ्यावर बांधून नाचायचं असतं. कपाळ आणि गालफडं सोलून निघतात. म्हणून आतून मऊ कापडाची गादी लागते, डोक्याला गुंडाळायला लांब फडकं लागतं, मागे बांधायला न तुटणाऱ्या नाड्या लागतात. बायकांची सोंगंही पुरुषच घेतात, त्यांच्या दंडाला बसतील अशा चोळ्या लागतात. नेहमीच्या चोळीच्या बाहीला दोन बोटं वाढवून चालत नाही, काखेत चौकोनी तुकडा घालावा लागतो, नाहीतर पहिल्याच गिरकीला टराटर फाटते आणि देवीची पंचाईत होते.

या कामाला शिवणावळ कुणी ठरवत नाही, मीही मागत नाही. नारळ मिळतो. महिषासुराचं सोंग घेणाऱ्याच्या गादीसाठी कापड कुठलं घ्यायचं, तर त्याच्या घरच्या जीर्ण गोधडीचा शाबूत राहिलेला कोपरा. वर्षानुवर्षं धुऊन इतकं मऊ झालेलं कापड बाजारात मिळत नाही.

हे सगळं उरकायची घाईही असते, कारण पाणी. पावसाळ्यात आमच्याकडे धो धो कोसळतं, मुंबईला पाणी पुरवणारं मध्य वैतरणा धरण आमच्याच तालुक्यात आहे. पण होळी झाली की पाड्यांवरच्या विहिरी तळाला जायला लागतात. ओली गोधडी दोघींना उचलत नाही आणि तिला धुवायला हंड्यांनी मोजलेलं पाणी पुरत नाही. म्हणून आलेल्या गोधड्या त्याच आठवड्यात ओहोळावर न्यायच्या, जिथं डोहात अजून गुडघाभर पाणी असतं. चौघी चार कोपरे धरून पिळतात आणि कातळावर पसरतात. वाळायला दोन दिवस लागतात, आणि तोवर राखण करायला ती दोन खोडकर मुलं असतातच.