आटलेला समुद्र आणि चोपण जमीन



चोपण जमिनीत आपण जिप्सम टाकता. असे जिप्सम निसर्गात कसे तयार होते, हे भूमध्य समुद्राच्या तळाशी पाहायला मिळते.

या समुद्रात नद्या व पाऊस जेवढे पाणी आणतात, त्याहून अधिक उन्हाने उडून जाते. ही तूट अटलांटिक महासागर जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून भरून काढतो. ती अरुंद जागी जेमतेम १४ किलोमीटर रुंद आहे. वरून पाणी आत येते आणि तळाकडून जड, खारे पाणी बाहेर जाते. हाच त्या समुद्राचा निचरा.

सुमारे ६० लाख वर्षांपूर्वी तेथील भूकवच उचलले जाऊन महासागराकडील वाटा आक्रसल्या. निचरा तुंबला. पाणी आटत गेले तसे आधी जिप्सम तळाला बसले, मग मीठ. कारण जिप्सम कमी विरघळते. १९७० साली 'ग्लोमार चॅलेंजर' जहाजाने तळाला छिद्रे घेतली, तेव्हा हे थर हाती लागले. मिठाचा थर काही ठिकाणी एक किलोमीटरहून जाड आहे! पुढे सुमारे ५३ लाख वर्षांपूर्वी वाट पुन्हा उघडली.

कालव्याखालील भारी जमिनीत हेच घडते, आणि त्याला लाखो वर्षे लागत नाहीत. पाणी भरपूर, निचरा नाही. पाणी उडते, क्षार राहतात. म्हणून आधी माती परीक्षण करा. जमीन चोपण निघाली तर अहवालाप्रमाणे जिप्सम द्या. नुसती खारवट असेल तर जिप्समवर पैसा घालू नका, गोड्या पाण्याने क्षार धुवा. चर मात्र दोन्हीकडे आधी काढावा लागतो.