पायी पाहिलेला द्राक्षांचा मुलूख



सरांनी मला ‘द्राक्षशेतीतल्या संधी’ या विषयावर बोलायला सांगितलंय. पण पहिल्या रांगेत भूगोलाच्या बाई बसल्यात. त्यांना बघितलं की शिवारफेरीच आठवते. बाई आम्हाला बांधाबांधाने चालवत न्यायच्या आणि ढेकूळ फोडून माती हुंगायला लावायच्या. बाई, ती सवय सुटली नाही. त्या सवयीनेच मी स्पेनमध्ये सांतियागोची वाट चालले.

संत याकोबाच्या समाधीकडे जाणारी ही ख्रिस्ती यात्रेकरूंची वाट. फ्रान्सच्या बाजूने निघालं तर सुमारे 780 किलोमीटर. मी चालले तो ला रिओखामधला भाग. सप्टेंबरचं ऊन, सावलीला झाड नाही आणि दोन्ही अंगांना द्राक्षबागा. जुन्या बागांना मांडव नाही, तारा नाहीत. गुडघा-मांडीएवढे वेल, झुडपासारखे छाटलेले, लाल मातीत सुटे उभे. आपण वर्षातून दोनदा छाटतो, ते एकदाच, कारण तिथल्या थंडीत वेल झोपतो. गाडीतून गेले असते तर नुसता हिरवा पट्टा दिसला असता. शेतीचं बाकीचं माझ्या मळ्यात या, तिथे दाखवते.

मुलांनो, चाला. क्लासला चाला, मळ्यात चाला, आजोळी चालत जा. आणि पालकहो, पोरगं आठवीत गेलं की त्याच्या हातात गाडीची किल्ली देऊ नका. मी पुन्हा सांगते, देऊ नका.

सांतियागोच्या त्या वाटेवर सांतो दोमिंगो दे ला काल्सादा नावाचं गाव आहे. अकराव्या शतकातल्या ज्या दोमिंगोचं हे नाव, त्याला म्हणे मठांनी दारातूनच परत पाठवलं होतं. त्याने यात्रेकरूंसाठी रस्ता केला, ओखा नदीवर पूल बांधला, धर्मशाळा उभी केली. 1109 साली तो वारला, पण लोक अजून त्या वाटेने चालतात. पुढे 1984 मध्ये एलियास वालिन्या या पाद्रींनी वाटभर पिवळे बाण रंगवायला घेतले. त्या बाणांच्या भरवशावर माझ्यासारखी परकी बाई एकटी, निर्धास्त चालली.

आणि इथे आपल्या फाट्यापासून शाळेपर्यंत मुली ट्रॅक्टरच्या धुरळ्यातून, डांबराच्या कडेकडेने येतात. अध्यक्ष महोदय, सरपंचताई, आज तुम्ही दोघं शेजारी बसलाय म्हणून इथेच मागते. या उन्हाळ्यात रस्त्याकडेची पायवाट करून घेऊ. मुरूम मी देते.