आपण कुठे चाललो आहोत?



मी पेशानं सॉफ्टवेअर अभियंता, पण आज माझ्या आवडीच्या आकाशाबद्दल बोलते.

वेग सांगताना 'कशाच्या सापेक्ष?' हे सांगावं लागतं, हे आपण इथेच शिकलो. पृथ्वीचा वेग सूर्याच्या सापेक्ष, सूर्याचा आकाशगंगेच्या केंद्राच्या सापेक्ष. मग खुद्द आकाशगंगेचा?

विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचं असताना थंड होत अणू बनले आणि अडकलेला प्रकाश मोकळा झाला. तो आजही सूक्ष्मलहरींच्या रूपात सगळीकडून येतो. १९६५ साली पेन्झियस आणि विल्सन यांनी हा शोध जाहीर केला. त्याचं तापमान २.७२५ केल्विन. मात्र सिंह राशीच्या बाजूला ते हजारात एका भागाहून किंचित जास्त, विरुद्ध बाजूला तेवढंच कमी. म्हणजे आपण सिंहेच्या बाजूला चाललो आहोत. त्यावरून सूर्याचा वेग सेकंदाला सुमारे ३७० किलोमीटर येतो. सूर्याचं आकाशगंगेभोवती फिरणं सध्या बरंचसं उलट दिशेला आहे. तो हिशेब धरला, की आकाशगंगा आणि शेजारच्या दीर्घिका सेकंदाला ६०० किलोमीटरहून जास्त वेगानं ओढल्या जाताना दिसतात. ही ओढ दूरवरच्या दीर्घिकासमूहांच्या गुरुत्वाकर्षणाची, असं मानलं जातं.

याचा ताळा करता येतो. पावसात पळताना थेंब समोरून जास्त लागतात, तसे प्रवासाच्या दिशेला दूरचे क्वेसारही थोडे जास्त दिसायला हवेत. २०२१ साली नेथन सेक्रेस्ट आणि सहकाऱ्यांनी सुमारे १३ लाख ६० हजार क्वेसार मोजले. त्यांच्यात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले मोहम्मद रमीझही होते. दिशा साधारण तीच आली, पण फरक अपेक्षेच्या दुपटीहून जास्त!

यात मोठी गोष्ट पणाला लागली आहे. खूप मोठ्या प्रमाणावर विश्व सगळीकडे सारखंच आहे, या गृहीतकावर आजचं विश्वशास्त्र उभं आहे. मोजणीत काही दोष राहिला असेल, किंवा ते गृहीतकच तपासावं लागेल. वाद मिटलेला नाही.

माझ्या कामात दोन पद्धतींची उत्तरं जुळली नाहीत, तर सोयीचं उत्तर ठेवून दुसरं पुसता येत नाही. दोन्ही पुन्हा तपासावी लागतात. इथे बसलेल्या विद्यार्थ्यांनो, वहीत ताळा जुळला नाही तर पान फाडू नका. कधी कधी नवं काही तिथेच सापडतं.