डब्लिनचा हरित महापौर



आयर्लंडचे नाव निघाले की आपले बोलणे डी व्हॅलेराच्या पलीकडे सहसा जात नाही. आज आम्ही त्याच देशातील एका निराळ्या पुढाऱ्याविषयी बोलणार आहोत. या गृहस्थांनी ना बंदूक उचलली, ना तुरुंग पाहिला. ते झगडले गावच्या कचऱ्याशी. त्यांचे नाव जॉन गॉर्मली.

हरित पक्षातर्फे ते १९९१ साली डब्लिनच्या महापालिकेत आले आणि १९९४ मध्ये महापौर झाले; त्या पक्षाचे ते पहिलेच महापौर. १९९७ साली ते संसदेत गेले, तेही पुनःपुन्हा मोजणी होऊन अवघ्या २७ मतांनी. आपल्याकडे एका वाड्यातही याहून जास्त मते निघतील!

त्यांच्या मतदारसंघात रिंग्सेंड ही समुद्रकाठची जुनी वस्ती. तिच्यालगत पूलबेग येथे वर्षाला ६ लाख टन कचरा जाळणारी भट्टी उभारण्याचे महापालिकेने योजिले. हरित पक्षाचा आक्षेप साधा होता. भट्टी एकदा बांधली की तिचे पोट रोज भरावे लागते. मग कचरा कमी व्हावा असे कोणाला वाटणार? परंतु २००१ च्या कायद्याने कचऱ्याची योजना मंजूर करण्याचा अधिकार नगरसेवकांकडून काढून नगरव्यवस्थापकाला दिला होता. हा व्यवस्थापक म्हणजे आपल्या आयुक्तसाहेबांचा सख्खा भाऊच म्हणा ना!

जून २००७ मध्ये हरित पक्ष फियाना फॉल पक्षाबरोबर सत्तेत गेला. त्या पक्षाशी युती झाल्यास आपण नेतेपदी राहणार नाही, असे ट्रेव्हर सार्जंट यांनी आधीच सांगितले होते. त्यांनी शब्द पाळला आणि नेतृत्व गॉर्मलींकडे आले. पर्यावरण आणि स्थानिक स्वराज्य ही खातीही त्यांनाच मिळाली. आता भट्टी उभी राहणार कशी, असे कोणालाही वाटावे. पण पाचच महिन्यांत नियोजन मंडळाने तिला परवानगी दिली. मंडळ स्वायत्त, एखाद्या प्रकरणात मंत्र्याला हात घालता येत नसे. आम्हांला विचाराल तर हा नियम योग्यच. आज चांगल्या कामासाठी घातलेला हात उद्या दुसरा मंत्री जमिनीच्या व्यापाऱ्यासाठी घालील. तरी त्या माणसाची कोंडी पाहा! जाळण्याच्या कचऱ्यावर कर बसवण्याचा घाट त्यांनी घातला, पण परवानगी कायमच राहिली.

बाकी कामे झाली. २००८ पासून नव्या मोटारींवरील कर धुरातील कार्बनच्या मानाने ठरू लागला. २०१० च्या नियोजन कायद्याने बेसुमार जमीन घरबांधणीसाठी राखण्याला आळा घातला. पण तोवर घरांचा फुगा फुटला होता. सप्टेंबर २००८ मध्ये बुडत्या बँकांना सरकारने हमी दिली, तिला मंत्र्यांची संमती रात्री फोनवरून घेतली गेली. त्या संमतीत गॉर्मलीही होते.

जानेवारी २०११ मध्ये पक्ष सरकारबाहेर पडला. फेब्रुवारीत निवडणूक झाली आणि त्याच्या सहाही जागा गेल्या, गॉर्मलींचीही. पूलबेगची भट्टी २०१७ साली पेटली.