नकाशावर बोट न ठेवता
(गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



गणपतीच्या मांडवात व्हिडिओ गेमवर व्याख्यान म्हटल्यावर थोडी कुजबुज होणार हे मी धरूनच चाललो होतो. मघाशी चहाच्या वेळी एका काकांनी विचारलेच, "अहो, खेळात पायी चालायचे कशाला? त्यापेक्षा खाली बागेत चार फेऱ्या मारा की!" प्रश्न रास्त आहे. काका समोरच बसले आहेत. उत्तर देतो, पण जरा लांबच्या रस्त्याने.

आधी दोन शब्दांची ओळख. ज्या खेळात एक अखंड प्रदेश उभा केलेला असतो, डोंगर, नद्या, गावे, जंगले, आणि खेळाडूला वाटेल त्या दिशेने जाता येते, त्याला ओपन वर्ल्ड म्हणतात. अशा खेळात गावे दूरदूर असतात. म्हणून सोय केलेली असते ती फास्ट ट्रॅव्हलची. नकाशा उघडायचा, गावाच्या खुणेवर बोट ठेवायचे, पडदा क्षणभर काळा होतो आणि आपण वेशीत हजर. मधला रस्ता रद्द. आता काही खेळाडू असे आहेत की ही सोय हाताशी असूनही ती वापरायची नाही, असा नेम करतात. आजचा विषय या नेमकरी मंडळींचा आहे, आणि मी त्यांच्यातलाच एक.

ही सोय आली का, हे समजून घ्यायला बेथेस्डा या अमेरिकन कंपनीचे 'एल्डर स्क्रोल्स' मालिकेतले खेळ फार उपयोगी आहेत. एकाच घरातली भावंडे, पण प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. १९९६ साली आलेल्या 'डॅगरफॉल'चा प्रदेश ग्रेट ब्रिटनएवढा असल्याचे बनवणाऱ्यांनीच सांगितले होते. हजारो गावे, पण ती माणसाने एकेक करून मांडलेली नव्हती. संगणकाने नियमानुसार पाडलेली होती. दोन गावांच्या मध्ये तासन्‌तास नुसते माळरान. तिथे पायी जाणे म्हणजे प्रायश्चित्तच! म्हणून नकाशावर बोट ठेवायचे आणि खेळ विचारायचा: जपून जाणार की घाईने? मुक्काम धर्मशाळेत की उघड्यावर? जहाजाने की पायी? त्यावरून किती दिवस लागतील याचा हिशेब मांडला जाई. त्या खेळात फास्ट ट्रॅव्हल वापरणाऱ्याला मी कधीच नावे ठेवणार नाही.

त्यानंतर २००२ साली आला 'मॉरोविंड', आणि त्याने उलट टोक धरले. एकच बेट, व्हार्डेनफेल नावाचे, डॅगरफॉलच्या मानाने चिमुकले, पण हाताने मांडलेले. दगड इथे का, झाड तिथे का, याला कोणीतरी जबाबदार. त्या काळच्या संगणकांना लांबचे दाखवणे झेपत नसे, म्हणून थोड्या अंतरापलीकडे सगळे धुक्यात. या धुक्याने बेट होते त्याच्या कितीतरी पट मोठे वाटायचे. टेकडी ओलांडल्याशिवाय पलीकडे काय आहे ते कळतच नसे.

'मॉरोविंड'मध्ये झटपट प्रवास नव्हताच, असे जुने खेळाडू छाती पुढे काढून सांगतात. ते तितकेसे खरे नाही. नकाशावर बोट ठेवून जाता येत नव्हते, इतकेच. बाकी वाहने भरपूर. सिल्ट स्ट्रायडर नावाचा एक अवाढव्य, उंच पायांचा कीटक. त्याच्या पाठीचे कवच पोखरून आत बसायची जागा केलेली. त्याचे थांबे ठरलेले, मार्ग ठरलेले, भाडे रोख. अगदी आपल्या एसटीच्या स्टँडसारखे! सेयडा नीन या बंदरातून बालमोराला थेट गाडी मिळे. पण पूर्व किनाऱ्यावरच्या साड्रिथ मोराला जायचे तर थेट काही नाही. बालमोराला उतरायचे, मांत्रिकांच्या संघाची कचेरी गाठायची आणि तिथल्या वाटाड्याला पैसे देऊन पलीकडे पोहोचायचे. दक्षिण किनाऱ्यावर होड्या. शिवाय एका मंत्राने एखाद्या जागी खूण करून ठेवता येई आणि दुसऱ्या मंत्राने तिथे परतता येई, पण ते मंत्र आधी मिळवावे लागत. थोडक्यात, वेग होता, पण तो त्या जगातल्या कुणाकडून तरी विकत घ्यावा किंवा शिकावा लागे. चार-सहा महिने खेळलेल्या माणसाच्या डोक्यात सगळे वेळापत्रक पक्के बसलेले असे. आपल्या पिढीला कोणत्या जंक्शनवर गाडी बदलायची हे तोंडपाठ असायचे, तसे.

आणि पत्ता? तोही तोंडीच. खेळाच्या सुरुवातीला एका जुन्या अवशेषातून एक छोटी पेटी आणायचे काम मिळते. जागेचे नाव आर्कंगथँड. नकाशावर बाण नाही, खूण नाही. सांगणारा सांगतो: बालमोराच्या दक्षिणेकडून बाहेर पड, नदी ओलांड, पूर्वेला किल्ला लागेल, पुढे लाव्हा वाहून गेलेल्या कोरड्या घळीवर एक जुना पूल आहे, त्याच्या पलीकडे. तिथे पोहोचावे तर दार बंद. दार उघडायची कळ जवळच एका नळावर बसवलेली, आणि ती चटकन दिसत नाही. आत पेटी शोधायची तो वेगळाच घोर. कित्येकांनी या एका कामात संध्याकाळ घालवली. पण ती वाट ते वीस वर्षांनंतरही सांगू शकतात.

एक गंमत सांगतो. सेयडा नीनमधून बहुतेक नवखे खेळाडू सरळ गाडी पकडून बालमोराला जातात. जो चालत निघतो, त्याला गावाबाहेर थोड्याच अंतरावर किंकाळी ऐकू येते आणि आकाशातून एक मांत्रिक धप्पकन समोर पडून मरतो. त्याच्या झोळीत उड्डाणाच्या मंत्राचे तीन कागद. मंत्र म्हणून उडी मारली की माणूस ढगांत जातो, बेटाचा मोठा तुकडा पार करतो, आणि मग खाली येतो. उतरायची सोय मंत्रात नाही! तो बिचारा कशाने मेला ते तेव्हा कळते. जमिनीला टेकण्याआधी दुसरा कागद वापरला तर जीव वाचतो, हे ज्याचे त्याने शोधायचे. झटपट प्रवासाबद्दल इतका छान विनोद त्या खेळात ऐन वाटेवर ठेवलेला आहे आणि तो फक्त चालणाऱ्याला भेटतो.

२००६ च्या 'ऑब्लिव्हियन'मध्ये नकाशावर बोट ठेवण्याची सोय परत आली, आणि मोठी शहरे तर पहिल्यापासूनच खुली. सोबत आला होकायंत्रावरचा बाण. यामागचे एक कारण लोकांच्या लक्षात येत नाही. 'मॉरोविंड'मधले बहुतेक संवाद नुसते लिहिलेले होते. 'ऑब्लिव्हियन'मध्ये प्रत्येक वाक्य कलाकारांकडून ध्वनिमुद्रित करून घेतलेले. मग "पुलावरून डावीकडे वळ, मोठा खडक लागला की..." असले लांबलचक पत्ते बोलून घेणे महाग पडते. बाण फुकट असतो. एकदा बाण आला की कोणी पत्ता सांगत नाही, कोणी पत्ता सांगत नाही म्हणून बाण बंद करता येत नाही. आज 'स्कायरिम'मध्ये हौसेने बाण बंद केलात, तर अनेक कामे नुसत्या संवादावरून सापडतच नाहीत. म्हणून खेळाडूंनीच मागाहून तोंडी पत्त्यांची पुरवणी तयार करून घातली. केवढा हा उद्योग!

'स्कायरिम' आला २०११ साली. त्यात आधी पाहिलेल्या ठिकाणीच झटपट जाता येते, म्हणजे पहिली खेप तरी पायी किंवा घोड्यावर. पाच मोठ्या शहरांबाहेर भाड्याच्या घोडागाड्याही उभ्या असतात. या खेळात एका शिखरावर संन्याशांचा मठ आहे, हाय ह्रोथगार, आणि तिथे जायला सात हजार पायऱ्या. मोजायला गेलात तर हजारही भरत नाहीत, पण ते सोडा. पायथ्याच्या आयव्हरस्टेड गावात क्लिमेक नावाचा माणूस आहे. मठात शिधा पोहोचवणारा तो, पण आता त्याचे पाय थकलेत. तो म्हणतो, वर चाललाच आहात तर एवढी पिशवी न्याल का? वाटेत बर्फ, एक भयंकर राक्षस, मध्येच एखादा यात्रेकरू, आणि कडेला दहा शिलालेख. दहाही वाचले तर एक दिवसभर रानातले कोणतेही जनावर तुमच्यावर धावून येत नाही आणि तुम्हाला बघून पळतही नाही. पुढच्या खेपेपासून नकाशावर बोट ठेवले की थेट मठाचे दार. क्लिमेकचे पाय का थकले, हे अशा खेळाडूला कधी समजायचे?

रस्ता गाळला की आणखी एक होते, आणि ते फक्त आपल्यापुरते राहत नाही. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा हजारो माणसांनी एकत्र खेळायचा खेळ २००४ साली सुरू झाला. तेव्हा चाळिसाव्या पायरीपर्यंत स्वतःचे वाहन मिळत नसे. गावागावांत ठराविक मार्गांवर उडणारे पक्षी होते, पण एरवी पायपीट. रस्त्यात अनोळखी माणसे भेटत, एकट्याने न जमणाऱ्या ठिकाणी हाक मारून सोबत मागत. २००७ साली नव्या प्रदेशात उडणारी वाहने आली, २०१० मध्ये जुन्या प्रदेशातही. लोक वरून उडू लागले, खाली रस्ते ओस. कंपनीने २०१४ च्या नव्या भागात उड्डाण बंद ठेवून पाहिले, तर एवढी ओरड झाली की पुढच्याच वर्षी ते परत द्यावे लागले. मग २०१९ मध्ये खेळाची जुनी आवृत्ती पुन्हा सुरू केली तेव्हा लोक त्याच पायपिटीसाठी झुंडीने परतले. माणसाचे मन!

काका, आता तुमचा प्रश्न. नॉर्वेमध्ये माट्स स्टीन नावाचा मुलगा होता. जन्म १९८९. स्नायू क्षीण होत जाण्याचा दुर्धर आजार, लहानपणापासून चाकाची खुर्ची. आई-वडिलांना वाटे, पोरगा एकटा आहे, खोलीत बसून नुसता खेळत असतो. २०१४ साली, पंचविसाव्या वर्षी तो गेला. वडिलांनी त्याच्या लेखनाच्या पानावर निधनाची बातमी दिली, आणि परक्या देशांतून पत्रांचा ओघ सुरू झाला. 'वॉरक्राफ्ट'च्या त्या जगात तो इबेलिन या नावाने वावरत असे. धडधाकट, पायांनी चालणारा, धावणारा. कुणाला त्याने नैराश्यातून बाहेर काढले होते, कुणाचे घरच्यांशी तुटलेले बोलणे जोडून दिले होते. अंत्यविधीला त्यातले काही जण परदेशांतून आले. त्यांच्या गटाच्या संभाषणांच्या हजारो पानांच्या नोंदी शिल्लक होत्या. त्यावरून त्याचे ते दुसरे आयुष्य उभे करणारा माहितीपट २०२४ साली प्रदर्शित झाला. जरूर पाहा, रुमाल जवळ ठेवून. या माणसाला बागेत चार फेऱ्या मारा असे कोण सांगणार होते? त्याची बाग तीच होती. ज्यांना बाग आहे त्यांनी बागेत जावे, यात मात्र दुमत नाही. मीही सकाळी जातो.

खेळ बनवणारे या प्रश्नाकडे कसे बघतात? 'ड्रॅगन्स डॉग्मा २' या २०२४ च्या खेळाचे दिग्दर्शक हिदेआकी इत्सुनो यांनी रोखठोक सांगितले होते, की प्रवास कंटाळवाणा होत असेल तर तो दोष प्रवासाचा नाही, तुमचा खेळ कंटाळवाणा आहे. त्यांनी झटपट प्रवासाचे दगड दुर्मीळ ठेवले आणि बैलगाडी दिली. बैलगाडीवर वाटेत हल्लाही होतो! 'झेल्डा'च्या २०१७ च्या खेळाची गोष्ट मला जास्त आवडते. दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी क्योतोचे. जग केवढे असावे हे ठरवताना त्यांनी खेळाच्या नकाशावर क्योतोचा नकाशा ठेवून पाहिला, कारण तिथली अंतरे त्यांच्या पायांना माहीत होती. शिवाय त्या चमूने भूभागात लहान-मोठे त्रिकोण पेरले. मोठा डोंगर पलीकडचे झाकतो, मग चढायचे की वळसा घालायचा ते आपण ठरवायचे, आणि वळसा घातला की काहीतरी हळूच डोकावते. झटपट जायची सोय त्यातही आहे, पण पाय आपोआप रस्त्याला लागतात.

मात्र प्रत्येक विस्तीर्ण खेळ पायी चालण्याच्या लायकीचा असतो असे अजिबात नाही. जाहिरातीत चौरस किलोमीटर मोठे दिसावेत म्हणून ताणलेली जगे पुष्कळ आहेत. तिथे खुशाल बोट ठेवा. आणि नोकरी-संसार सांभाळून ज्याला रात्री जेमतेम पाऊण तास मिळतो, त्याने तो सगळा चालण्यात घालवावा असा आग्रह धरणे म्हणजे सोवळे झाले. १९९५ च्या सुमारास तयार झालेला, पण तेव्हा बाजारात न आलेला 'डेझर्ट बस' नावाचा एक विनोदी खेळ आहे. अमेरिकेतल्या टूसॉनहून लास व्हेगसला वाळवंटातून बस न्यायची. खरोखरीचे आठ तास. वळण नाही, थांबा नाही, बस मात्र सतत उजवीकडे ओढते, म्हणून हात सोडता येत नाही. पोहोचल्यावर गुण किती? एक. हा खेळ खेळून दाखवत धर्मादाय निधी उभारायचा उपक्रम २००७ पासून दरवर्षी होतो, म्हणजे तोही अगदीच वाया गेला नाही.

ज्यांना करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी थोडे व्यावहारिक. 'स्कायरिम'मध्ये २०१७ साली एक खडतर पद्धत आली, २०२१ पासून ती नव्या आवृत्तीत फुकट मिळते. भूक, थंडी, थकवा सगळे लागते आणि नकाशावरून उडी बंद, घोडागाड्या मात्र चालू. त्याहून कडक हवे तर चेक प्रजासत्ताकात बनलेला 'किंगडम कम: डिलिव्हरन्स' घ्या. २०१८ चा खेळ, काळ १४०३, प्रदेश खरोखरीच्या बोहेमियातला, सुमारे १६ चौरस किलोमीटर. त्याच्या हार्डकोअर पद्धतीत झटपट प्रवास नाही, आणि नकाशा आहे पण त्यावर आपण कुठे आहोत हेच दाखवत नाहीत. नदी कुठल्या हाताला, सूर्य कुठे, मठाचा मनोरा दिसतो का, यावरून ठरवायचे. त्यातच काही दुर्गुण स्वतःहून पत्करावे लागतात. झोपेत चालण्याचा दुर्गुण घेतलात, तर रात्री पलंगावर झोपायचे आणि सकाळी भलत्याच रानात जागे व्हायचे. मी तो घेऊन खेळलो आहे. पहिल्या दिवशी गाव गाठायला संध्याकाळ झाली.

मांडवाच्या दाराशी आरतीचे तबक आलेले दिसते आहे, तेव्हा थांबतो. प्रश्न असतील त्यांनी प्रसादाच्या रांगेत मला गाठावे. काकांचा पहिला नंबर.