झाड कोणाचे?
(हीरकमहोत्सवी समारंभातील मुख्याध्यापिकांचे भाषण)



साठ वर्षांचा शाळेचा अहवाल कार्यवाहांनी आपल्यापुढे ठेवला आहेच. मी एका वेगळ्या विषयाकडे आपले लक्ष वेधू इच्छिते. महाराष्ट्रापासून दूर, या शहरात आपले पूर्वज चाकरीसाठी आले. तरी बहुतेक घराण्यांची मुळे कोठल्या तरी गावच्या शेतीत आहेत. आपले अनेक माजी विद्यार्थी आज बँकांत, शासकीय कचेऱ्यांत, अभियांत्रिकी क्षेत्रात ग्रामविकासाच्या योजना आखतात. म्हणून विकसनशील देशांतील शेतीचा प्रश्न आपल्याला परका नाही.

नायजर या देशाचा बराचसा भाग सहारा वाळवंटात आहे. १९७० आणि १९८० च्या दशकांतील दुष्काळांनी तो होरपळला. वाळवंट थोपवण्यासाठी रोपे लावली गेली. त्यांतील बहुसंख्य मेली. १९८३ च्या सुमारास मरादी भागात काम करणाऱ्या टोनी रिनाउडो या ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञाच्या ध्यानात आले, की शेतात दिसणारी खुरटी झुडपे म्हणजे तोडलेल्या वृक्षांच्या बुंध्यांना फुटलेले धुमारे आहेत. मुळे जमिनीखाली जिवंतच होती! नवी रोपे आणण्याची गरजच नव्हती. निवडक फुटवे राखायचे, बाकीचे छाटायचे, एवढेच करायचे होते.

मग शेतकरी ते आधीच का करीत नव्हते? एक कारण कायद्यात होते. वसाहतकाळापासून झाड सरकारचे मानले जाई. शेतकऱ्याने ते वाढवावे आणि फांदी तोडली म्हणून दंड भरावा, असा तो न्याय होता. पुढे या नियमांचा जाच सैल झाला, आपण राखलेले झाड आपलेच राहील असा विश्वास शेतकऱ्याला वाटू लागला, आणि दोन दशकांत सुमारे ५० लाख हेक्टर शेतजमिनीवर वृक्ष परतले.

शेजारच्या बुर्किना फासोमधील याकुबा सावादोगो या शेतकऱ्याने ‘झाई’ ही जुनी पद्धत सुधारली. उन्हाळ्यातच कठीण जमिनीत खड्डे खणायचे आणि त्यांत शेणखत घालायचे. खतामुळे वाळवी येते, ती माती पोखरते आणि पावसाचे पाणी आत मुरते. लोकांनी त्याला वेडा ठरवले. पण त्याच खडकाळ माळावर पीक आले, पुढे वनही उभे राहिले. २०१८ मध्ये सावादोगो आणि रिनाउडो या दोघांनाही ‘राइट लाइव्हलीहूड’ पुरस्कार मिळाला. परंतु शहराच्या विस्ताराचा घाला त्या वनावर आलाच. ज्ञान शेतकऱ्याचे होते, श्रम त्याचे होते. जमिनीवरचा हक्क मात्र डळमळीत होता.

आपल्या महाराष्ट्रानेही हा धडा गिरवला आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिने पाण्याचा वाटा जमिनीच्या नव्हे, माणसांच्या संख्येवर ठरवला: माणशी अर्धा एकर, कुटुंबास अधिकाधिक अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा मिळाला आणि उसाला मनाई झाली. विहिरी आणि पंप अन्यत्रही होते. नायगावने आधी पाणी कोणाचे, हे ठरवले.

माजी विद्यार्थ्यांनो, एखादी योजना आपल्या मेजावर येईल तेव्हा निधीच्या आकड्यांपूर्वी दोन प्रश्न विचारा: ज्याच्यासाठी ही योजना आहे त्याला आपण काही विचारले का? आणि कष्टाने जे उभे राहील ते त्याचे राहील का?

पालकांनाही माझी एक विनंती आहे. ‘अभ्यास केला नाहीस तर गावी जाऊन ढोरे राखशील’ हे वाक्य आपल्या घरांतून अजून ऐकू येते. शेती ही नापासांची शिक्षा आहे, असे ज्या मुलाच्या मनावर बिंबते, ते उद्या अधिकारी होऊन शेतकऱ्याचे म्हणणे कशाला ऐकेल? मुलांना सुटीत गावी न्या. बांधावरच्या माणसाला प्रश्न विचारायला शिकवा. त्या माणसाजवळचे ज्ञान आमच्या पाठ्यपुस्तकांत अद्याप आलेले नाही. ते वर्गापर्यंत आणण्याचे काम शाळा आणि घर मिळूनच करू शकतील.