एचपी विचारू नका, हेड विचारा
(जिल्हा बैठकीतील भाषण)



आपण कोरडवाहूवाले. बारमाही पाणी आपल्या नशिबी नाही. पण ज्वारी पोटरीत असताना किंवा कपाशीची बोंडे भरताना एखादे पाणी मिळाले तर पीक हाती लागते. ते एक पाणी पंपावर अवलंबून असते. म्हणून आज भावाचे बोलणे थोडे बाजूला ठेवू आणि पंपाच्या पोटात काय चालते ते पाहू.

पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो. खरे तर तो फेकतो. पंख्याच्या मधोमध आलेले पाणी पात्यांबरोबर गरगर फिरते आणि गोफणीतल्या दगडासारखे कडेला फेकले जाते. सहा इंची पंखा मिनिटाला २८८० फेरे घेतो तेव्हा त्याच्या काठाचा वेग ताशी ८० किलोमीटर असतो. बाहेरचे कवच शंखासारखे रुंदावत जाते. तिथे पाण्याचा वेग कमी होतो आणि दाब वाढतो. हा दाब पाणी वर चढवतो.

मग विहिरीतले पाणी पंपापर्यंत येते कसे? मध्ये दाब कमी होतो आणि बाहेरची हवा पाण्याला वर ढकलते. हवेचे हे बळ समुद्रसपाटीला फार तर ३४ फुटांचे. प्रत्यक्षात २०-२२ फुटांपुढे भरवसा नाही. पाणी त्याखाली गेले की काठावर पाच एचपी बसवा नाहीतर दहा, उपयोग नाही. पंख्यात पाण्याचे वाफेचे बुडबुडे होतात, ते फुटताना खडे वाजल्यासारखा आवाज येतो आणि पंख्याला खड्डे पडतात. यावर उपाय मोठी मोटार नव्हे. पंप पाण्याजवळ उतरवा, नाहीतर पाणबुडी मोटार घ्या.

आता हिशेब करा. सेकंदाला ५ लिटर पाणी २० मीटर चढवायला निव्वळ १.३ एचपी लागते. पंपात निम्मी ताकद वाया गेली असे धरले तरी २.६. म्हणजे तीन एचपीत भागते. पण दुकानात आपण पहिला प्रश्न विचारतो, "किती एचपी?"

सरकारचेही तेच. २०२४ साली 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना आली. अडीच एकरांपर्यंत तीन एचपी, पाच एकरांपर्यंत पाच, त्यावर साडेसात. एचपी एकरावर ठरते. पाणी मात्र एकरातून नव्हे, विहिरीच्या तळातून चढवायचे असते.

सौर पंपाचे फेरे उन्हावर चालतात. फेरे निम्मे झाले की पाणी चढवण्याची ताकद निम्मी नव्हे, पाव होते. ४० मीटर हेडचा पंप ७० टक्के फेऱ्यांवर २० मीटरसुद्धा चढवत नाही. समजा पाणी २५ मीटर चढवायचे आहे. मग पौषातल्या सकाळी पंप फिरेल आणि पाइपातून थेंब येणार नाही. शेतकरी म्हणेल पंप बिघडला. मिस्त्री म्हणेल पंप ठणठणीत आहे. दोघेही खरे! तो पंप त्या विहिरीसाठी नव्हताच.

तेव्हा तीन कामे करा. वैशाखात दोरी सोडून पाणी किती खोल आहे ते मोजा. त्यात शेताची उंची आणि लांब, बारीक पाइपात वाया जाणारे हेड मिळवा. मग पंप देणाऱ्याकडून किती मीटरला किती लिटर हा तक्ता मागा, आणि तो पाहिल्याशिवाय पंप बसल्याच्या कागदावर सही करू नका.

एकट्याने मागितले तर टाळतील. गावाने मिळून मागितले तर द्यावाच लागेल. पुढच्या बैठकीला येताना आपापल्या विहिरीचे माप लिहून आणा.